अंगात येणारी उबवणी मशीन

बोरदऱ्याच्या बचत गटाच्या शेडपुढं त्या मंगळवारी जी गर्दी जमली, तिच्या निम्मी जरी ग्रामसभेला जमली असती तर गावाचा रस्ता कधीच झाला असता. पण रस्त्याच्या काही अंगात येत नाही. इथं चक्क मशीनच्या अंगात येणार होतं. पोरं खिडकीच्या गजाला लटकली होती, बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, आणि शेडच्या मधोमध कपाटाएवढी उबवणी मशीन हळदीकुंकवानं माखून, वर झेंडूचा हार घालून बसली होती. अंड्यांना ऊब देऊन तीन आठवड्यांत पिल्लं काढायची, एवढंच तिचं काम. आणि तेवढंच तिला जमत नव्हतं.

मशीनपुढं पाटावर अंगारेबाबा. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं. त्यांचा चेला गोरख मागच्या पोत्यांच्या थप्पीला टेकून, पाय पसरून, डोळे मिटून बसला होता. गोरख पूर्वी जामखेडला वायरमन होता. मग त्याला वैराग्य आलं, असं तो सांगायचा. मालकानं कामावरून काढलं, असं जामखेडचे लोक सांगायचे.

"ही मशीन न्हाई," बाबा म्हणाले, "हे आईचं पोट हाय पोट. पत्रा जर्मनीचा असू द्या न्हाईतर जपानचा, बोरदऱ्याच्या शिवारात आला की देवीच्या हुकमाखाली आला. आता पाटीवरचा आकडा बघून ठेवा. किती हाय?"

"साडेसदतीस," लोक म्हणाले. मशीनच्या छोट्या पाटीवर तांबड्या उजेडात ३७.५ लिहिलेलं होतं. अंड्यांना नेमकी तेवढीच ऊब लागते.

"बघितला? आता आना तिला."

दोघी जणींनी चांगुणाला दंडाला धरून आत आणलं. त्यातली एक तर तिच्याबरोबर रोज धुण्याला जाणारी. चांगुणानं मान वर केली नाही. ती उंबरा ओलांडून मशीनपासून हातभर लांब उभी राहिली. बाबांनी चिमटा आपटला, "बोल आई, कुनाचा त्रास हाय?" म्हणून आरोळी दिली, आणि मशीनची पाटी एकदम विझली. शेडचा दिवा मात्र जळतच होता. मग पुन्हा तांबडा उजेड आला, आणि आकडा होता चाळीस.

गर्दीतून एक हूं उठला. कुणीतरी जागच्या जागी हात जोडले.

"डोळा मिटला, डोळा उघडला, आन् ताप चढला," बाबा शांतपणे म्हणाले. "पायगुन, दुसरं काय."

दाराजवळ हर्षल उभा होता. ही मशीन त्यानंच बनवली होती. जामखेडला डिप्लोमा केलेला, नगरला एमआयडीसीत नोकरी करणारा, गावातला पहिला प्रोग्राम लिहिणारा पोरगा. आणि चांगुणा त्याची आई होती.

"इंजिनेर," बाबांनी हाक मारली, "पुढं ये लेकरा. मशीन तूच केली न्हवं?"

"हो."

"तिचं डोकं, ते काय म्हनत्यात, प्रोग्राम, तो पन तूच लिवला?"

"हो."

"त्यात काय चूक हाय?"

हर्षलनं तो प्रोग्राम इतक्या वेळा तपासला होता की डोळे मिटले तरी ओळी दिसत होत्या. त्याला एकही चूक सापडली नव्हती. आणि शिकलेल्या माणसाचा ताठा वाईट. "नाही," तो म्हणाला. "प्रोग्राम बरोबर आहे."

बाबा हसले. "ऐका. मशीन बरूबर, प्रोग्राम बरूबर, अंडी चांगली गावरान. तीन खेपा झाल्या, एक पिल्लू जगलं न्हाई. मग राहिलं कोन?"

सगळ्यांनी चांगुणाकडं बघितलं. हर्षलला वाटलं आपल्याच हातानं आपण आईच्या गळ्यात दोर टाकला. तो काहीतरी बोलायला गेला, पण बाबांचा निकाल आधी आला. येत्या अमावस्येला दिवस मावळायच्या आत बाईनं गावाची शीव ओलांडायची आणि पुन्हा मागं यायचं नाही. शेड बाबांच्या मठाला द्यायची. आणि दर अमावस्येला देवीला एक कोंबडा. "गावरान," बाबांनी बजावलं. "बॉयलर देवीला चालत न्हाई." देवीची जीभ अशी चोखंदळ असते, बरं का. कोंबडा कोण खातं, हे मात्र कुणी विचारायचं नाही.

गटाची अध्यक्ष सुरेखा. तिनंच सगळ्या बायांना गोळा करून हा धंदा उभा केला होता, हर्षलला गळ घालून मशीन बनवून घेतली होती. पहिली खेप मेली तेव्हा ती म्हणाली, होतं एखाद्या वेळी. दुसरी मेली तेव्हा ती कुणाशी बोलेना. तिसऱ्या खेपेला अंडी फोडून बघितली तर आत पिसं फुटलेली पिल्लं मरून पडलेली, आणि ती वास मारणारी टोपली उकिरड्यावर नेताना सुरेखा वाटेतच खाली बसली आणि हमसून रडली. बाबांना बोलावणं तिनंच धाडलं. बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. तिचा एवढाच दोष होता, आणि तो काही लहान नव्हता.

घरी आल्यावर चांगुणा जेवली नाही. तिनं फळीवरचं गाठोडं काढलं आणि लुगडी घडी करायला घेतली.

"आई, काय करतीस?"

"भावाकडं जाते. पाटोद्याला. त्याची बायको काय लई दिवस ठेवून घ्यायची न्हाई, पन बघू पुढचं पुढं."

"तू कुठंही जायचं नाहीस. हे सगळं थोतांड आहे."

"थोतांड हाय तर मग आकडा का चढतो? लाइट तर गेली न्हवती, दिवा जळतच हुता." तिनं वर बघितलं. डोळे कोरडे होते, आणि तेच हर्षलला बघवेना. "तूच म्हनलास ना, मशीन बरूबर हाय. तू खोटं बोलनार न्हाईस. शिकल्याला हायस."

"अगं पण..."

"तुजा बाप गेला तवा तुजी आजी हेच म्हनली हुती. पांढऱ्या पायाची. मी मनाला लावून घेतलं न्हाई. म्हनलं, म्हातारं मानूस, पोटचा लेक गेला, बोलंल. आता वाटतंय, तिला कळलं हुतं. एवढी शेकड्यानं लेकरं मेली रे हर्षल, अंड्यातल्या अंड्यात. मी रोज त्यांच्यापाशी बसायची. दुपारची लाइट जायची-यायची तवा बाकीच्या रानात असायच्या, मीच आकडा घालायची. माज्याच हातानं मेली ती."

"आई, गप बस."

"बसते की," ती म्हणाली आणि गाठोड्याची गाठ मारली.

हर्षल उठून बाहेर गेला. लॅपटॉप उघडला, पुन्हा वरपासून खालपर्यंत प्रोग्राम वाचला. काही नाही. आपण आकडा घातला की पाटीवर आकडा येतो. लाइट जाऊन आली की पाटीवर चाळीस येतं, पण ते त्याला ठाऊकच होतं. मशीन जोडताना कामावरच्या टेबलावर त्यानं चाळीसवर चालवून बघितली होती, तो सुरुवातीचा आकडा तसाच राहिला होता. त्यानं गटातल्या बायांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लाइट आल्यावर चाळीस दिसलं तर घाबरू नका, साडेसदतीस घाला. त्या घालायच्या. मग? मग चूक कुठंय? आणि चूक नसेल तर, देवा, चूक नसेल तर आई म्हणते तेच खरं?

दुसऱ्या दिवशी दुपारी हा शिकलेला पोरगा एसटी स्टँडवरच्या टपरीवर उभा राहून लिंबू आणि बिब्बा बांधून घेत होता. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

"कुणासाठी रे हे?"

मागं आराधना बाई उभ्या होत्या. गावच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. हर्षलला त्यांनीच सातवीत विजेचा परिपथ शिकवला होता. माहेर सोनईचं, तीन पिढ्या शिक्षकांच्या घरातलं ख्रिस्ती कुटुंब. बोलायला सरळ, कधीकधी खवट.

"मशीनला बांधायला," हर्षल म्हणाला. "बाई, मी दमलो. आई चालली. मला काही सापडत नाही. एवढं करून बघू द्या."

बाईंनी त्याच्या हातातलं लिंबू काढून घेतलं. "हे मी सरबताला नेते. चल शाळेत." वाटेत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग वर्गाच्या व्हरांड्यात बसवून त्यांनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "मशीनच्या आत किती ऊब आहे?"

"साडेसदतीस."

"कशावरून?"

"पाटीवर येतं ना."

"पाटीवर तू घातलेला आकडा येतो, हे तूच मला सांगितलंस मघाशी. मी वर्गात फळ्यावर 'सगळे पास' असं लिहिलं म्हणजे सगळे पास होतात का? आत किती आहे? मोजलंस?"

 हर्षलनं मोजलं नव्हतं. आतला गरमपणा दाखवणारी दुसरी पाटी बसवायची राहून गेली होती, आणि साधा थर्मामीटर आत ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. हात घातला तर ऊबदार लागायचं. साडेसदतीस आणि चाळीस यांतला फरक हाताला थोडाच कळतो?

बाईंनी शाळेच्या औषधपेटीतून पोरांचा ताप बघायचा थर्मामीटर काढला. "हाच पुरे," त्या म्हणाल्या.

शेडला सुरेखा एकटीच होती. बाबांच्या हुकमानं मशीन 'शुद्ध व्हायला' रिकामीच चालू ठेवलेली, दाराला तांबडा धागा. धागा तोडायला ती तयार होईना. "अमुशेपातुर दार उघडायचं न्हाई म्हनलेत बाबा. काय झालं तर मलाच..."

"सुरेखा," बाई म्हणाल्या, "घरात लेकरू तापलं तर तू आधी काय करतेस?"

"ताप बघते."

"मग हिचा बघू. बाबाच म्हणतोय ना ताप चढतो म्हणून?"

सुरेखानं धागा स्वतःच्या हातानं तोडला. थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून त्यांनी दार लावलं. पाटीवर सुरेखानं परत घातलेलं ३७.५ होतं. जरा वेळानं थर्मामीटर पिकपिक करायला लागला. सुरेखानं तो बाहेर काढला, उजेडात धरला आणि तिचा चेहरा उतरला.

"एकशे चार," ती म्हणाली.

फॅरनहाइटचे एकशे चार म्हणजे सेल्सिअसचे चाळीस, हे तिला माहीत असायची गरज नव्हती. तिनं तीन लेकरं वाढवली होती. एकशे चार म्हणजे काय ते तिला कळत होतं. "बाई," ती हळूच म्हणाली, "एकशे चार तापात ती पिल्लं तीन आठवडे पडून हुती? आन् आमी चांगुनाबाईला..."

हर्षल मात्र पाटीकडं बघत उभा होता. पाटी साडेसदतीस म्हणत होती आणि हीटर चाळीसचं ऐकत होता. दोघं दोन वेगळे आकडे धरून बसले होते.

"मला प्रोग्रामातलं ओ की ठो कळत नाही," बाई म्हणाल्या, "म्हणून मलाच वाचून दाखव. एकही ओळ गाळायची नाही."

त्यानं लॅपटॉप पोत्यावर ठेवला आणि वाचायला लागला. "हे सगळ्यात वर. 'ताप' नावाचा एक डबा, त्यात चाळीस ठेव. आता हीटर. 'ताप' डब्यात बघ, तेवढी ऊब झाली की बंद हो. आता बटणांचं काम. माणसानं घातलेला आकडा 'ताप' नावाच्या डब्यात ठेव, आणि पाटीवर दाखव."

"त्याच डब्यात?"

"हो, ताप. वरचाच..."

तो थांबला. बोट त्या ओळीवर तसंच राहिलं. बटणांचा हा तुकडा त्यानं कॉलेजातल्या जुन्या कामातून जसाच्या तसा उचलून आणला होता. त्यात नावाच्या आधी एक लहानसा शब्द होता, आणि प्रोग्रामच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ होता, नवा डबा कर. म्हणजे बटणांच्या खोलीत 'ताप' नावाचा दुसराच डबा तयार होत होता. आकडा त्यात पडत होता, पाटी तो दाखवत होती, आणि काम संपलं की तो डबा फेकला जात होता. बाहेरच्या डब्यात चाळीस होतं तसंच होतं. पहिल्या दिवसापासून.

"नाव एकच दिलं, म्हणून आतल्यानं बाहेरच्याला झाकून टाकलं," हर्षल पुटपुटला. "दोन्ही बरोबर लिहिलेत, म्हणून मशीन तक्रारही करत नाही. आणि मला वाचताना दर वेळी एकच डबा दिसत होता."

"मग आतून बाहेरच्याला हाक मारताच येत नाही?"

"येते ना. नावाच्या आधी चार टिंबं द्यायची, एकावर एक अशी दोन, दोनदा. म्हणजे आतला नको, बाहेरचा. किंवा आतला डबा करायचाच नाही." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "बाई, लाइट आल्यावर ती चाळीस दाखवायची ना, तेव्हाच ती खरं बोलत होती. आणि माझी आई रोज ते खरं पुसून त्यावर खोटं लिहीत होती. मी सांगितलं म्हणून."

"आणि आता रडत बसणार आहेस?"

"नाही."

"मग आज काही बदलू नकोस. धागा पुन्हा बांध. जे काही करायचं ते गावासमोर. आत्ता दुरुस्त केलंस तर बाबा म्हणेल माझ्या अंगाऱ्यानं झालं."

अमावस्येला मंगळवारच्या दुप्पट गर्दी. पाटोद्याची जीप फाट्यावर येऊन थांबलेली. चांगुणा गाठोडं काखेत घेऊन शेडच्या बाहेर उभी होती. कालच हर्षलनं तिला सगळं सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं होतं आणि एवढंच म्हणाली होती, "तू माजा लेक हायस, तू असंच म्हननार." आई जर लेकाचा पुरावा मानत नसेल तर गाव कुठून मानणार, या विचारानं त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बाबांनी पाट मांडला. गोरख पोत्यांना टेकला. "जायच्या आधी देवीची आज्ञा शेवटची ऐका," बाबा म्हणाले. "आना तिला."

चांगुणा आत आली. चिमटा आपटला. पाटी विझली, उजळली, चाळीस.

"बाबा," आराधना बाई पुढं झाल्या, "मी साडेसदतीस घालते. आता तुम्ही मशीनला हात लावा. तुमच्या पायगुणानं किती होतो बघू."

"ही आपल्या देवाची न्हाई," बाबा गर्दीकडं वळून म्हणाले. "हिचं काय ऐकता?"

"ताप मोजायला कुठलाच देव लागत नाही. आमच्याकडंही एक जण तेल चोळून मुकी पोरं बोलती करायचा. त्यालाही मी असंच भंडावलं होतं, आमचे लोक वर्षभर माझ्याशी बोलत नव्हते. दिवा जळतो आणि मशीन तेवढी विझते, म्हणजे बटण इथंच कुठंतरी आहे. हर्षल, गोरखला उठव जरा."

गोरख उठेना. मग सरपंच भागवतआबाच म्हणाले, "ऊठ की रे, तुला काय मुळं फुटली?" तो उठला. पोती बाजूला केली तर खाली वायरीचा बोर्ड. मशीनची वायर त्याच बोर्डाला, शेडचा दिवा दुसऱ्या. बटण नेमकं गोरखच्या हाताच्या अंगठ्याखाली येईल अशा जागी. आबांनी वाकून ते बंद केलं, चालू केलं. पाटी विझली, उजळली, चाळीस. पुन्हा केलं. पुन्हा चाळीस.

"च्यायला," आबा म्हणाले, "माज्या पन अंगात आली का काय?"

पहिल्यांदाच लोक हसले. आबांनी आकडा साडेसदतीस केला, बोर्ड आपल्या पायाशी घेतला आणि चांगुणाला म्हणाले, "बाई, हात लाव मशीनला." चांगुणानं भीत भीत तळहात पत्र्यावर टेकवला. साडेसदतीस. ती तशीच उभी राहिली. साडेसदतीस.

"बटनाचं जाऊ द्या," बाबांचा आवाज चढला, "पन पिल्लं मेली ते खोटं हाय? ती कुनी मारली?"

"मी," हर्षल म्हणाला.

तो मशीनपाशी जाऊन उभा राहिला. "प्रोग्राम बरोबर आहे असं मी सगळ्यांपुढं म्हणालो. तो चुकलेला होता. सुरेखाकाकू, ताप दाखवा."

सुरेखानं थर्मामीटर आत ठेवला, काढला आणि न बोलता गर्दीत फिरवला. पाटीवर साडेसदतीस आणि हातात एकशे चार. एकेका बाईच्या हातातून तो जायला लागला तशी कुजबुज बदलत गेली. पिल्लांना काय झालं होतं ते बायांना आधी कळलं.

"असं कसं झालं?" आबांनी विचारलं. "नीट सांग. तुजं ते लॅपटॉपातलं नगं."

"आबा, तुमचं नाव भागवत. सुरेखाकाकूंच्या थोरल्याचंही नाव भागवत. काकूंच्या सैपाकघरात उभं राहून मी ओरडलो, भागवत, पाणी आण, तर कोण येईल?"

"तिचा पोरगा. मी कशाला येतो?"

"तुम्हाला ऐकूच जाणार नाही. मशीनमध्ये तेच झालं. एकाच नावाचे दोन डबे मी करून ठेवले. आई, तू घातलेला आकडा घरातल्या भागवतला मिळत होता. पाटीही घरातल्यालाच विचारायची. आणि हीटर चावडीवरच्या भागवतचं ऐकत होता, त्याला चाळीस सोडून दुसरं कुणी काही सांगितलंच नव्हतं."

"मग मला कसं बोलवायचं?"

"म्हणायचं, चावडीवरचे भागवत. मशीनच्या भाषेत ते चार टिंबं देऊन म्हणतात." त्यानं वायर जोडली, सगळ्यांपुढं ती चार टिंबं दिली, नव्या डब्याचा शब्द खोडला, सुरुवातीचा चाळीसही काढून तिथं साडेसदतीस ठेवलं, आणि दार उघडून मशीन निवू दिली. दार लावून चहा होईपर्यंत थांबले. मग सुरेखानं पुन्हा ताप बघितला. साडेनव्याण्णव.

बाबा एवढ्या वेळात पाट गुंडाळत होते. जाता जाता म्हणाले, "देवीनंच त्याच्याकडनं चूक करवली, आन् देवीनंच दाखवली."

"अस्सं," बाई म्हणाल्या, "म्हणजे चूक देवीची आणि शीव ओलांडायची चांगुणानं? बाईला गावाबाहेर काढायला लावणं हा गुन्हा आहे, बाबा. त्याचा कायदा आहे. मी फौजदारांना कळवलंय, ते येतायत, त्यांना देवीची आज्ञा सांगा." बाबांनी मग देवीचाही निरोप घेतला नाही. त्यांना आणि गोरखला फाट्यावर जीपवाल्यानं थांबवून ठेवलं, तो मात्र भाडं बुडालं म्हणून चिडला होता.

बाया चांगुणाभोवती जमल्या. कुणी गाठोडं घ्यायला बघत होती, कुणी पाया पडत होती. सुरेखा समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चुकलं माजं. उद्या नवी अंडी लावू. तू चल घरी."

चांगुणानं गाठोडं सोडलं नाही. "आन् उद्याची पिल्लं निघाली न्हाईत तर?"

गाठोड्याला लागलेले बायांचे हात मागं झाले.

"लाइट जाईल, अंडी जुनी निघतील, कायबी हुईल. खुडूक कोंबडीखालची पन सगळी निघत न्हाईत. मग तुमी परत माज्या पायाकडं बघनार का? तसं असंल तर मी आत्ताच जाते. दुसऱ्यांदा मला सोसायचं न्हाई."

हर्षलला वाटत होतं, सगळं सिद्ध केलं म्हणजे संपलं. आईनं विचारल्यावर त्याला कळलं की अजून काहीच संपलं नव्हतं. मशीन निर्दोष निघाली म्हणून गाव तिला दोष देत होतं. आता मशीन दोषी निघाली म्हणून तिला सोडत होतं. तिच्याविषयी कुणी काही शिकलंच नव्हतं.

"न्हाई निघाली," सुरेखा अडखळत म्हणाली, "तर आदी ताप बगू. मग अंडी बगू. मग लाइटीचं बगू. काय चुकलं ते हुडकू."

"आन् हुडकून न्हाई सापडलं तर?"

सुरेखानं बाईंकडं बघितलं. बाईंनी मदत केली नाही. सुरेखानं मग स्वतःच उत्तर शोधलं. "तर म्हनू, आमाला अजून कळलं न्हाई. कळलं न्हाई म्हनून बाई धरायची न्हाई."

चांगुणानं गाठोडं तिच्या हातात दिलं.

मंडळी, त्या खेपेला निम्म्याहून जास्त पिल्लं निघाली. सगळी नाही. जी निघाली नाहीत ती अंडी सुरेखानं आणि चांगुणानं शेजारी बसून फोडली, प्रत्येकात काय बिघडलं ते बघितलं, काहींचं कळलं आणि काहींचं कळलं नाही. तुमच्याही गावात एखादी मशीन अडेल, गाय आटेल, लेकरू आजारी पडेल, आणि कुणीतरी चिमटा आपटत येईल. त्याला बसवून घ्या, पाणी द्या, आणि थर्मामीटर आणा. आणि शिकलेल्यांनो, 'माझं बरोबर आहे' म्हणायच्या आधी मोजून बघा, कारण तुमच्या त्या एका वाक्यावर एखादीचं घर उठू शकतं.